पोरगी पळेना, तेव्हा आधी रक्त तपासा

श्रावणात आमच्या खुलताबादला दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक भद्रा मारुतीचा. शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून निघालेली माणसं दौलताबादचा घाट पायी चढून येतात आणि शनिवारी निद्रिस्त मारुतीपुढे माथा टेकतात. दुसरा हंगाम शालेय खो-खोचा. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि नशीब असेल तर राज्य. माझी लेक सतरा वर्षांखालच्या मुलींच्या गटात खेळते. नववीत असताना तिच्या हंगामात जे घडलं ते इथे सांगतो आहे, कारण तेच घडत असलेल्या आणखी मुली आता मला प्रत्येक मैदानावर दिसतात.

खो-खो आमच्या मराठवाड्याचा जीव आहे. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तोही मुलींनी जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. शाळेच्या पटांगणात चुन्याने आखलेल्या रेषा आणि दोन खांब एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, म्हणून शेतकऱ्याची, मजुराची, हातगाडीवाल्याची पोरगी तो खेळू शकते. शिवाय दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे हंगाम सुरू झाला की पोरीला आठवडाभर थांबवायला कुणी तयार नसतं. घरचे नाहीत, शाळा नाही आणि पोरगी स्वतः तर मुळीच नाही.

माझी लेक पळतीची. संरक्षणाला पहिल्या तुकडीत उतरायची आणि दोन-अडीच मिनिटं हाताला लागायची नाही. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांना अडीच मिनिटं थोडी वाटतील. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद मैदानात, पाटीवर बसलेल्या आठ जणींच्या मधून, मागे लागलेल्या नवव्या मुलीला चुकवत पळायचं असतं. सरळ पळणं त्यात नसतंच. दर दोन पावलांना थांबणं, वळणं, वाकणं आणि पुन्हा जोर घेणं. हुतूतूत निदान दम घेऊन परत येता येतं, इथे श्वास घ्यायलाही उसंत नसते.

त्या जुलैपासून तिचा खेळ उतरू लागला. सरावात दुसऱ्याच मिनिटाला ती खांबापाशी रेंगाळायची आणि बाद व्हायची. तोंड उघडं, हात कमरेवर. तालुक्याच्या सामन्यात पहिल्या तुकडीतून तिला तिसऱ्या तुकडीत टाकलं. मग कारणं शोधणं सुरू झालं. कुणी म्हणालं, मोबाईलमुळे लक्ष नाही. कुणी म्हणालं, अंग जड झालंय, भात बंद करा. सराव घेणाऱ्यांनी तिला आळशी ठरवून रोज मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावल्या. मैदानाबाहेर उभे असलेले काही बाप तर थेट ओरडायचे, ‘पळ की गं!’ ती पळायची. घरी येऊन दप्तरावर डोकं ठेवून झोपायची. जेवायला उठवावं लागायचं.

तिच्या आत्याने ओळखलं. राखीपौर्णिमेला आली होती. पोरीचा हात हातात घेऊन तिने नखं बघितली, खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, ‘ही पाटीवरच्या पेन्सिली खाते का गं?’ खात होती. खडूही खायची, आणि रसवंतीवर गेली की ग्लासातला बर्फ कडाकडा चावायची. आमच्या भागात पेन्सिली खाणाऱ्या पोरी घरोघरी आहेत, आणि त्यांना सगळे एकच बोलतात: वाईट खोड आहे, मार खाशील. अंगात लोह कमी झालं की माती, खडू, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आम्हाला ते आत्याच्या तोंडून कळलं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या जरा वर. या वयाच्या मुलीचं ते निदान १२ असावं लागतं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न केला, ‘ही खेळते? या रक्तावर?’

ते पुढे जे बोलले ते मी प्रत्येक पालकाला सांगत असतो. फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवणारं हिमोग्लोबिन लोहापासून बनतं. ते तिसऱ्या हिश्शाने कमी असेल तर पोरीने कितीही जीव काढला तरी पायांना पुरेसा प्राणवायू पोचत नाही. हृदय धडधडतं, धाप लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. जादा फेऱ्यांनी दमसास वाढतो हे धडधाकट मुलीपुरतं खरं. इथे प्रत्येक फेरी तिला आणखी खाली नेत होती. तेरा ते सोळा या वयात मुलींची उंची वाढते, पाळी सुरू झालेली असते आणि त्यावर रोजचा दोन तासांचा सराव. लोहाची गरज तिन्ही बाजूंनी वाढते, ताटातलं लोह मात्र तेवढंच राहतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे पाटीवर बसलेल्या आठ मुलींपैकी चार-पाच.

तेव्हा पहिली गोष्ट: तपासणी हंगामाच्या आधी, जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत करा. रक्ताची साधी सीबीसी पुरते, आणि सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला पैसे लागत नाहीत. तोंडावरून ओळखता येईल या भरवशावर राहू नका. सावळ्या मुलीचा फिकेपणा चेहऱ्यावर दिसत नाही. तो पापणीच्या आत, जिभेवर आणि नखांत दिसतो. अंगाने भरलेली मुलगीही रक्ताने रिकामी असू शकते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती चांगली आहे आणि घेतलीच पाहिजे. पण पुष्कळ मुली ती घेत नाहीत. मळमळतं, शी काळी होते, म्हणून गोळी कंपासपेटीत जाते. लोहाच्या गोळीने शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे एकदा घरात स्वच्छ सांगून टाका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर द्या. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त आधीच उतरलं असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात, महिन्याने पुन्हा तपासतात, आणि आकडा बारावर आला तरी पुढे आणखी काही महिने गोळ्या चालू ठेवतात, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. आकडा सुधारला की गोळ्या सोडणारे फार. महिनाभर नेमाने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. कारण दुसरं असू शकतं, थॅलेसेमियासारखं आनुवंशिकही. पोटातले जंत हेही एक कारण. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिवशी शाळेत मिळणारी गोळी चुकवू नका. खेळाच्या दुकानात डब्यांतून मिळणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. आमच्यापुढेही एकाने असा डबा ठेवला होता. त्याच पैशात महिनाभराची अंडी येतात.

चहाबद्दल जरा रागानेच लिहितो. सकाळी सहाला पोरगी सरावाला निघते ती कपभर चहा आणि दोन टोस्टवर, आणि आल्यावर जेवणासोबत पुन्हा चहा. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीसोबत तर चहाही नको आणि दूधही नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगलं शोषलं जातं. आपल्याकडे दौलताबादच्या रस्त्याला टोपल्यांनी पेरू विकायला असतात. जेवणानंतर एक पेरू पोरीच्या हातात द्या. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, तीळ, शेंगदाण्याचा लाडू, हिवाळ्यात अळीव, हे सगळं आपल्याच घरातलं आहे. जे मटण, कलेजी खातात त्यांच्या मुलींना त्यातलं लोह सर्वांत लवकर लागू पडतं. एवढंच बघा की कलेजीचा तुकडा घरातल्या पुरुषांच्या ताटात जाऊन पोरीला नुसता रस्सा उरू नये.

उपवासाचं बोलणं अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. श्रावणातले सोमवार आणि शनिवार, हरतालिका, मग नवरात्राचे नऊ दिवस, हे सगळे खो-खोच्या हंगामातच येतात. साबुदाण्याने पोट भरतं, रक्त भरत नाही. आमच्या संघात उपवास धरणाऱ्या मुली आहेत तशा रोजे धरणाऱ्याही आहेत. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, सामने तेव्हा नसले तरी सराव असतो. मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही. माझ्या घरात एवढंच ठरवलं की आजारी माणसाला जशी सूट आहे तशी रक्त भरून येईपर्यंत लेकीला आहे. तिच्या आजीनेच ते सांगितलं आणि तिचा शनिवार स्वतः धरला.

आणि बापांनो, पाळीचं. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा मी खुर्चीवर बसून राहिलो. पोरगी आधी खाली बघत होती, मग बोलली. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, आणि तिला वाटे, सगळ्यांचंच असं असतं. सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं लागतं, आणि त्यावर उपाय असतात. मोटारसायकलवर मागे बसवून मैदानावर नेणारा बाप असेल, तर तिचं अंग कधी साथ देत नाही हे त्याला माहीत असायलाच हवं. मैदानावर तिच्यासाठी बोलायला तिथे दुसरं कुणी नसतं.

हे मुख्य आहे. सामन्याच्या दिवशी मैदानावर प्रत्येकजण काही ना काही मोजत असतो. पंच गडी मोजतात, वेळाधिकारी सेकंद, सराव घेणारे गुण, शाळा ढाल. पोरीच्या अंगाकडे बघणारा एकटा पालक असतो. म्हणून खेळ कसा खेळायचा, खो कधी द्यायचा, सूर कुठे मारायचा हे बाहेरून सांगू नका. ते शिकवणाऱ्याचं काम. पण दम, पाणी, झोप, दुखणं याबाबत शेवटचा शब्द तुमचा असू द्या आणि त्यात मागे हटू नका. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड उंच होऊन दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं दुखणं आहे, विश्रांतीने बरं होतं. गुडघा आतून ‘कट्’ वाजून सुजला तर त्यावर मालीश नको, त्या दिवशी परत मैदान नको, हाडांचे डॉक्टर हवेत.

आम्ही लेकीला त्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांतून काढून घेतलं. पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. शाळेचं नाव, इतर मुलींचं नुकसान, दहावीचे गुण. एकाने सारिका काळेचं उदाहरण दिलं. २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तिने सांगितलं होतं की खेळण्याच्या काळात जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसाला एकच जेवण मिळायचं. ‘ती उपाशी खेळली, तुमची गोळ्या घेऊनही बसते.’ सारिकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. तुळजापूरला ती क्रीडा अधिकारी झाली याचा अभिमान आहे. पण तिची भूक हा काही यशाचा मार्ग नव्हता. तो तिच्यावर झालेला अन्याय होता, आणि त्यातून ती वर आली हे तिचं असामान्यपण. तिच्यासारख्याच उपाशी खेळलेल्या किती मुली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘दम नाही’ म्हणून घरी बसल्या, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. आपल्या पोरींना तिच्याकडून जिद्द शिकवा, उपास शिकवू नका.

दिवाळीनंतर लेकीचा आकडा दहाच्या पुढे गेला तेव्हा डॉक्टरांनी हलका सराव सुरू करायला सांगितलं. बाराला पोचायला संक्रांत उजाडली. पेन्सिली खाणं त्याच्या कितीतरी आधी सुटलं होतं, कुणी न रागावता. पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा पहिल्या तुकडीत होती, आणि गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात जिल्ह्याचा सामना खेळली. संघ हरला. तिची पळती चांगली झाली.

क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रवेशिका भरताना तुम्ही जन्माचा दाखला मागता, आधार मागता, फोटो मागता. त्यांच्यासोबत जुलैमधला हिमोग्लोबिनचा कागदही मागा. कमी भरलेल्या मुलीला संघातून काढू नका, तिला वेळ द्या आणि फेऱ्या थांबवा. आणि पालकांनो, शाळेने मागायची वाट बघू नका. या आठवड्यात लेकीला दवाखान्यात घेऊन जा.