जुन्या सर्व्हरला नवी डिस्क : जोड पाहूनच घ्यावी



बेणे, खते, खोडवा हे आमचे नेहमीचे विषय. या खेपेस थोडा निराळा विषय घेतला आहे. आपल्या उसाची जात, लागणीची तारीख, गट नंबर, काट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशेब ही सारी नोंद आता सर्व्हर नावाच्या संगणकात असते. लागणीची तारीख गेली की तोडीचा क्रम गेला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास साली १५ टक्के व्याज लागते. हिशेबच सापडेना, तर १४ दिवस पाळायचे कसे? शिवाय गावची सोसायटी आणि दूध संस्था यांच्याकडेही जुने सर्व्हर चालू असतात, आणि तेथे संचालक म्हणून आपलीच मंडळी बसतात. डिस्क खरेदीच्या ठरावावर सही करण्याआधी चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

एक डिस्क गेली तरी काम का चालते?

समजा, एका कागदावर एका गाडीचे वजन १२ टन, दुसऱ्यावर १५ टन आणि तिसऱ्यावर दोहोंची बेरीज २७ टन लिहिली. यातला कोणताही एक कागद हरवला तरी उरलेल्या दोहोंवरून तो आकडा काढता येतो. दोन हरवले की संपले. सर्व्हरमध्ये ‘रेड ५’ नावाची जी रचना असते, तिचे मर्म हेच. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते, आणि फसगत होते ती इथेच. ‘चाललंय की!’ म्हणून महिनोन्महिने कोणी पाहत नाही. दुसरी गेली की सगळी नोंद जाते.

काय पाहावे?

जोडीतला एक बैल बदलायचा तर आपण नुसता दांडगा बैल आणत नाही, जुन्याबरोबर जुवाला चालेल असाच पाहतो. डिस्कचेही तसेच. उदाहरणादाखल २००९ साली बाजारात आलेला डेल पॉवरएज आर ७१० घेऊ.

१) माप. या सर्व्हरचा एक प्रकार साडेतीन इंची सहा डिस्कांचा, दुसरा अडीच इंची आठ डिस्कांचा. आपला कोणता, ते आधी पाहावे. डिस्क ज्या साच्यात बसते तो साचा जपून ठेवावा, तो नव्या डिस्कला लागतो.

२) जोडणी. डिस्क दोन जातींच्या, ‘साटा’ आणि ‘सॅस’. सॅसच्या खाचेत साटा डिस्क बसते, साटाच्या खाचेत सॅस बसत नाही. बसली तरी एकाच गटात दोन जाती मिसळू नयेत. जुनी सॅस असेल तर नवीही सॅसच घ्यावी.

३) कंट्रोलर. डिस्कांवर देखरेख करणारे हे कार्ड. आर ७१० मध्ये ‘पर्क ६/आय’ असेल तर एका डिस्कची मर्यादा २ टेराबाइट. ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून ४ टेराबाइटची आणली तर पैसे पाण्यात. ‘एच ७००’ कार्डाला ही अडचण नाही. म्हणून कार्डाचे नाव विचारल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

४) आकार आणि वेग. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. किंचित लहान असली तरी कंट्रोलर ती घेत नाही. मोठी घातली तर जास्तीची जागा सहसा पडूनच राहते. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या गटात ७,२०० ची घातली तर सगळा गट तिच्या चालीने चालतो.

५) लेबल. ‘४के नेटिव्ह’ लिहिलेली डिस्क इतक्या जुन्या यंत्रासाठी घेऊ नये. ‘एसएमआर’ जातीचीही टाळावी. या जातीत नोंदीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसे इथे होते. गट पुन्हा भरताना ती फार रेंगाळते, आणि कंट्रोलर तिला बाद समजून बाहेर काढू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्का या जातीच्या असल्याचे २०२० साली उघड झाले. तेव्हा नुसते नाव पाहून घेऊ नये, पूर्ण मॉडेल नंबर तपासावा.

६) कंपनीचा शिक्का. एच ७०० कार्ड आले तेव्हा ते डेलने प्रमाणित न केलेली डिस्क घेतच नसे. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर २०१० सालीच कंपनीने ही अट मागे घेतली. पण त्यासाठी कार्डातला अंतर्गत प्रोग्राम अद्ययावत हवा. तो आधी तपासून घ्यावा.

बदलताना

सर्वांत आधी डेटाची दुसरी प्रत वेगळ्या जागी काढावी आणि ती उघडते का, हे पाहावे. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद रेडमध्येही पुसलेलीच असते. मग बिघडलेल्या डिस्कचा खाचा नंबर कागदावर लिहून, दिवा पाहून, तीच डिस्क काढावी. घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली तर दोन कागद हरवल्यासारखेच झाले. नवी डिस्क पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे काही तास, सर्व्हरवर जादा काम टाकू नये.

एकाच वेळी घेतलेल्या डिस्का एकाच वयाच्या असतात. एक गेली की बाकीच्यांकडेही लक्ष असावे. जमल्यास जोड जुळवलेली एक डिस्क हंगामापूर्वीच कपाटात आणून ठेवावी. भर गाळपात ती शोधत हिंडण्याची पाळी येऊ नये.

आपल्या संस्थेत खरेदी निघाली तर मागणीपत्रावर सर्व्हरचे मॉडेल, कंट्रोलरचे नाव आणि जुन्या डिस्कच्या लेबलावरचा संपूर्ण मजकूर उतरवून घ्यावा. एवढा कागद हाती असला की दुकानदार देईल ते घ्यायची वेळ येत नाही. आणि बंधूंनो, आपली नोंदीची पावती मात्र घरी जपून ठेवा. सर्व्हर कितीही चांगला असला तरी ती आपल्या हातातली दुसरी प्रत आहे.