निरोधाला औषधाची जोड : फायदा किती, धोका किती?

संततिनियमन हा विषय आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला परका नाही. दापोली तालुक्यातील मुरुडच्या कर्वे घराण्यातील प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कार्यापायी त्यांनी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावली. तरीही १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक नेटाने चालविले. असे असूनही आमच्या वाडीत आजही हा विषय कुजबुजीतच निघतो. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पाकिटावरचे बारीक इंग्रजी वाचून घ्यायला नात्यातल्या वहिन्या मलाच गाठतात. "ह्याला औषध लावलेलं आहे, म्हणजे जास्त चांगलं ना गं?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर येथे थोडक्यात मांडते.

हे औषध म्हणजे शुक्रजंतुनाशक. त्यातले सर्वांत परिचित रसायन नॉनॉक्सिनॉल-९. साबण जसा तेलकटपणा तोडतो, तसे ते शुक्रजंतूचे बाह्य आवरण तोडते. स्त्रियांनी वापरायच्या रबरी टोपीबरोबर असे मलम लावण्याची पद्धत जुनीच आहे. तेव्हा निरोधालाही ते लावले की संरक्षण दुप्पट होईल, असे वाटणे साहजिक होते.

परंतु निरोधावरील या लेपामुळे गर्भधारणा अधिक टळते, असा पुरावा मिळालेला नाही. निरोध दरवेळी अचूक वापरला, तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना दिवस जातात. नेहमीच्या हयगयीच्या वापरात सुमारे १३ जणींना. नुसत्या शुक्रजंतुनाशकावर भिस्त ठेवल्यास हा आकडा २० च्या पुढेही जातो. म्हणजे खरे काम रबर करते आणि वापरणाऱ्याची शिस्त करते.

धोक्याची बाजू अधिक गंभीर आहे. हे रसायन वारंवार वापरल्यास योनिमार्गाच्या नाजूक अस्तराला इजा होते. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका व थायलंड येथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात नॉनॉक्सिनॉल-९ चे जेल वापरणाऱ्यांमध्ये एच.आय.व्ही.ची लागण कमी नव्हे, उलट अधिक आढळली. असे निरोध पुरस्कारू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मात्र दुसरा निरोध हाताशी नसेल, तर काहीच न वापरण्यापेक्षा तो बरा.

म्हणून वहिन्यांना मी सांगते : साधाच निरोध घ्या, मुदतीची तारीख पाहा, दरवेळी नवा वापरा. आपल्या कोकणात घरोघरी खोबरेल असते. ते मात्र लावू नका, तेलाने रबर कमजोर होते. निरोध फाटलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात तातडीच्या गोळीबद्दल विचारा. विचारण्यात लाज नाही. न विचारण्याची किंमत मात्र बहुधा बाईलाच मोजावी लागते.