लोण्याची आगबोट

मुलांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. जर्मनीच्या वर समुद्रात शिरलेला जमिनीचा एक पट्टा दिसेल. त्याच्या उजवीकडे पुष्कळ लहानमोठी बेटे आहेत. हा डेन्मार्क देश. त्याच्या पश्चिमेला उत्तर समुद्र आहे आणि त्या समुद्रापलीकडे इंग्लंड. अशा देशाचे जहाजावाचून कसे चालणार? पूर्वी तेथे शेजारच्या बेटावर लग्नाला जायचे, तरी होडी गाठावी लागे.

१८६६ साली राजधानी कोपनहेगनमध्ये टिटगेन नावाच्या उद्योजकाने तेथील मोठ्या आगबोट कंपन्या एकत्र आणल्या आणि एकच कंपनी काढली. आगबोट म्हणजे वाफेच्या एंजिनावर चालणारे जहाज. या कंपनीचे डॅनिश नाव इतके लांबलचक आहे, की तुम्हीच काय, तुमचे गुरुजीही ते एका दमात म्हणू शकणार नाहीत! 'संयुक्त आगबोट कंपनी' असा त्याचा अर्थ. जग तिला डी. एफ. डी. एस. या चार अक्षरांनी ओळखते. माणसे आणि माल यांची ने-आण करणे हा तिचा धंदा.

तो काळ डेन्मार्कला फार कठीण होता. १८६४ च्या युद्धात देश हरला. दक्षिणेकडचा मोठा मुलूख हातचा गेला. पश्चिम किनाऱ्यावर मोठी जहाजे लागतील असे चांगले बंदर नव्हते. मग इंग्लंडला माल पाठवायचा कोठून? सरकारने एस्बियर्ग या जागी नवे बंदर बांधायला घेतले. तेथे तेव्हा मूठभर घरे होती. १८७५ साली कंपनीची आगबोट तेथून इंग्लंडला जाऊ लागली. १८८० पासून ती हार्विच या इंग्रजी बंदराला लागू लागली.

सुरुवातीला या बोटींतून जिवंत गुरे जात. पण पुढे एक मोठा बदल झाला. परदेशांतून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याला धान्य पिकवणे परवडेना. तो हात जोडून बसला नाही. त्याने गाई वाढवल्या. १८८२ मध्ये येडिंग या गावी शेतकऱ्यांनी मिळून सहकारी दुग्धालय काढले. ते पाहून गावोगावी अशी दुग्धालये निघाली. त्यांत गाई कितीही असोत, मत मात्र माणशी एकच असे. मला ही गोष्ट फार आवडते. या दुग्धालयांतले लोणी, म्हणजे तुम्ही ज्याला मक्खन म्हणता ते, पिंपांत भरून आगबोटीने इंग्लंडला जाई. इंग्रजांच्या पावावर डॅनिश लोणी आले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या घरात पैसा आला. मूठभर घरांचे एस्बियर्ग शहर झाले.

कंपनीच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे. पोट भरण्यासाठी हजारो गरीब माणसे तेव्हा अमेरिकेला जात. १९०४ च्या जूनमध्ये कंपनीचे 'नॉर्गे' हे जहाज सुमारे आठशे माणसांना घेऊन न्यूयॉर्ककडे निघाले होते. अटलांटिक महासागरात रॉकॉल नावाच्या एकाकी खडकाजवळ ते आपटले आणि थोड्याच वेळात बुडाले. सहाशेहून अधिक माणसे मेली. त्यांत मुलेही होती. जहाजावर जीव वाचवणाऱ्या होड्या होत्या, पण सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्या. आठ वर्षांनी 'टायटॅनिक' बुडाले, तेव्हाही होड्या अपुऱ्याच होत्या.

काळाबरोबर जहाजे बदलली. १९२५ मध्ये एस्बियर्ग-हार्विच मार्गावर 'पार्कस्टन' हे डिझेलवर चालणारे जहाज आले. १९६४ मध्ये 'इंग्लंड' नावाचे जहाज आले. त्यात मोटार थेट आत चालवत नेता येई. पूर्वी माल क्रेनने उचलून चढवावा लागे. त्यात वेळ जाई आणि हमालांचे कष्ट होत. आता मालाने भरलेली गाडीच जहाजात शिरते आणि पलीकडच्या बंदरात बाहेर पडते.

पण प्रवाशांचे काय झाले? विमाने स्वस्त झाली. जेथे बोटीला जवळजवळ एक दिवस लागे, तेथे विमान दोन तासांत पोहोचू लागले. १९९९ पर्यंत जहाजावर करमुक्त वस्तू विकून बरीच कमाई होई. युरोपातल्या देशांनी आपसांतली ती सवलत बंद केली. २०१५ पासून या समुद्रात कमी गंधकाचे महाग इंधन वापरण्याचा नियम येणार होता. हवा शुद्ध राहण्यासाठी तो नियम योग्यच होता, पण खर्च वाढणार होता. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये एस्बियर्ग-हार्विच प्रवासी जहाज शेवटचे सुटले. जवळजवळ १४० वर्षांचा मार्ग बंद झाला. कोपनहेगन-ओस्लो हा जुना प्रवासी मार्गही कंपनीने २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला.

कंपनी मात्र बंद पडली नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत तिची जहाजे प्रवासी नेतात. आणि एस्बियर्गहून? तेथून तिची मालवाहू जहाजे आजही इंग्लंडच्या इमिंगहॅम बंदराला जातात.