'बिकॉज' की 'बिकॉज ऑफ'?

प्रश्न : दहावीतल्या मुलीने 'बिकॉज ऑफ हर फादर वॉज इल' असं लिहिलं. बाईंनी ते चूक दिलं. का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : 'बिकॉज'नंतर कर्ता-क्रियापदासह वाक्य येतं, 'बिकॉज ऑफ'नंतर नाम. मराठीत 'वडील आजारी असल्यामुळे' आणि 'वडिलांच्या आजारामुळे' या दोन्हींत '-मुळे' चालतं, म्हणून मुलांची गल्लत होते.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९३८ साली ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार केले आणि १९४२ साली तिथेच वारले. 'चायना रिमेंबर्स हिम बिकॉज ही सर्व्ह्ड द वूंडेड' हे वाक्य बरोबर. 'बिकॉज ऑफ' वापरायचं, तर 'सर्व्ह्ड'चं नाम करा आणि कर्त्याला षष्ठी द्या : 'बिकॉज ऑफ हिज सर्व्हिस'. नाव घातलं, तर 'बिकॉज ऑफ डॉक्टर कोटणीसेस सर्व्हिस'. तसंच मुलीचं वाक्य होईल 'बिकॉज ऑफ हर फादर्स इलनेस'.

काही क्रियापदांचं शब्दयोगी मात्र ठरलेलं असतं : आजाराने वारले, 'डाइड ऑफ'; थंडीने कुडकुडला, 'शिव्हर्ड विथ कोल्ड'; सेवेसाठी गौरवलं, 'ऑनर्ड फॉर'. ही क्रियापदासकट पाठ करावीत.

मुलीकडून रोज एक कारण दोन्ही पद्धतींनी लिहून घ्या. परीक्षेपर्यंत हात नक्की बसेल.