पक्कं मडकं

बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारून बघतो. ठणठण वाजला तर घेतो. बद्द वाजला तर खाली ठेवतो. वरून दोन्ही माठ सारखेच दिसतात.

आपल्या जिल्ह्यात तेर गाव आहे. तिथल्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. एकदा संतमंडळी जमली होती. काकांनी हातात थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं. बाकीचे गप्प राहिले. नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे. आता खरं सांगा, आपल्या डोक्यात कुणी थापटणं हाणलं तर आपण काय त्याच्या पाया पडणार? आपणही रागावणारच. पण नामदेव रागावून बसून राहिले नाहीत. ते गुरू शोधायला निघाले.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलातही कुंभार आहे. यिर्मया नावाचा संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला. चाकावर भांडं बिघडलं. कुंभाराने माती फेकली नाही. त्याच मातीचं दुसरं भांडं केलं. देव माणसाला असाच घडवतो, असं यिर्मयाला उमगलं. पुढे पौलाने रोम शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. संकटातून धीर येतो, धीरातून शील बनतं आणि शीलातून आशा, असं त्याचं सांगणं. पौलाने हे सुखात लोळून लिहिलं नाही. त्याने फटके खाल्ले होते आणि तुरुंगही बघितला होता.

पण एक अडचण आहे. भट्टीत मडक्याला दुखत नाही, माणसाला दुखतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूरला, किल्लारीला घरंच्या घरं माणसांवर कोसळली. ज्याचं लेकरू ढिगाऱ्याखाली गेलं, त्याला 'देव परीक्षा बघतो' असं सांगायला जाऊ नये. त्याच्याजवळ नुसतं बसावं. मग देव चांगला आहे असं म्हणायचं तरी कसं? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांनी त्रास दिला. घरची माणसं तीर्थं करत, पुराण सांगत पायी फिरायची. जवळचा पैसा दानधर्मात गेला. मग मद्रासकडे दुष्काळ पडला. भांडीकुंडी विकली. रानात पाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले. थोड्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवा होता. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्या एका घरी मागायला गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईला दया आली. तिने भाकर दिली. रमाबाई ती घेऊन धावत आल्या. पण आईच्या अंगात खायची ताकद उरली नव्हती.

आईला उचलायला माणसं मिळेनात. दोघेजण कसेबसे आले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ, असे मिळून चौघे झाले. रमाबाई उंचीने कमी. खांद्याला ओझं पोचेना. त्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि चालल्या.

पुढे बहीण गेली, भाऊ गेला. लग्न झालं आणि दीड-दोन वर्षांत नवराही पटकीने गेला. कडेवर लहानगी मनोरमा उरली. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मग सगळं एकदम चांगलं झालं का? नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं पुढे त्यांनीच कबूल केलं. एवढ्या शिकलेल्या बाईने हे कबूल करावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं. १८९३ साली लोक रागावले आणि आपल्या मुली काढून घेऊन गेले. तरी शाळा चालू राहिली.

मग १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात पोरीबाळी रस्त्यावर मरत होत्या. ही बातमी पुण्याला आली. रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. हातात पैसा नव्हता. पोरी आणायच्या तर त्यांना खाऊ काय घालायचं? देव सोय करील, एवढ्या भरवशावर त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुलीबाया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात नवी माणसं ठेवायला सरकारची मनाई. म्हणून केडगावच्या माळरानावर तंबू ठोकले. तेच मुक्तिसदन. तिथे मुली लिहायला शिकल्या, विणायला शिकल्या, शेत करायला शिकल्या. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या.

बघा, आईला भाकर का मिळाली नाही, याचं उत्तर रमाबाईंना कुणी दिलं नाही. पण बावीस वर्षांनी तीच भूक त्यांना दुसऱ्यांच्या दारी घेऊन गेली. तेव्हा हात पसरून उभी राहिलेली पोर आता ताट वाढत होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडलेली माणसं अजून आहेत. दारी आलेल्याला ती रिकामं पाठवत नाहीत. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यालाही १९१२ साली रमाबाईंनी शाळा काढली. मनोरमा तिथे मुख्य होती. आईच्या मागे सगळं तिनेच बघायचं, असं ठरलेलं. पण १९२१ च्या जुलैत मनोरमाच गेली. रमाबाईंचं वय त्रेसष्ट, प्रकृती खालावलेली, कानांना ऐकू येईना. पण काम थांबलं नाही. बायबल साध्या मराठीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. कमी शिकलेल्या बायांनाही ते वाचता यावं, ही त्यांची धडपड.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ साली छापून निघालं. ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापलं. तिथे खिळे जुळवायचं कामही बायाच करत होत्या.