ताशी पंचवीस आणि अडीचशे वॉट : विजेच्या दुचाकीचे गणित आणि कायदा



परभणीच्या बाजारपेठेत, तसेच सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशा तालुक्यांच्या गावी आता विजेवर चालणाऱ्या दुचाकी जागोजाग दिसतात. धूर नाही, आवाज नाही, रोजचा खर्चही थोडा. यांपैकी काही गाड्या विकताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते, "लायसन्स नको, पासिंग नको." हे ऐकून कित्येक घरांत आठवी-नववीच्या मुलांच्या हाती शाळेला जाण्यासाठी अशी गाडी दिली जाते.

हे विधान खरे आहे काय? काही गाड्यांच्या बाबतीत ते खरे आहे, काहींच्या बाबतीत साफ खोटे आहे. कोणती गाडी कोणत्या बाजूची, हे ओळखायला वकील लागत नाही. नववीच्या पुस्तकातील 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' हे दोन पाठ त्यासाठी पुरेसे आहेत. आज आपण तेच करून पाहू.

कायद्याने आखलेली रेघ

विजेची सायकल ही कल्पना नवी नाही. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाने १८९५ साली मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसवलेल्या सायकलीचे पेटंट घेतले होते. आजच्या बहुतेक विजेच्या दुचाकींत मोटार त्याच जागी असते.

आपल्या देशात वाहनांसाठी मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ लागू आहेत. या नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीला एक सवलत दिलेली आहे. पुढील अटी पूर्ण झाल्या, तर ती दुचाकी 'मोटार वाहन' समजली जात नाही :

१. मोटारीची 'तीस मिनिटांची शक्ती' ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असावी.
२. गाडीचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा.
३. बॅटरी वगळून गाडीचे वजन ६० किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावे.
४. योग्य ब्रेक असावेत; पुढे पांढरा आणि मागे तांबडा प्रकाश परतवणारा रिफ्लेक्टर असावा.

पायडल असलेल्या सायकलीला मदतीची मोटार जोडलेली असेल, तर वेग २५ च्या जवळ जाईल तशी मोटारीची शक्ती कमी होत जाऊन शेवटी बंद पडली पाहिजे. या साऱ्या अटी गाडी पाळते, असे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेले असावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था आहे.

'तीस मिनिटांची शक्ती' म्हणजे काय? मोटारीतून वीजप्रवाह गेला की ती तापते. क्षणभर ती जास्त जोर लावू शकते; पण सलग अर्धा तास न थकता जेवढी शक्ती देऊ शकते, तेवढीच तिची खरी शक्ती धरतात. मल्ल एक क्षण मोठा दगड उचलतो, म्हणून तो दिवसभर तसे दगड वाहू शकेल असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. योगायोग असा, की जर्मनीतही पायडलच्या विजेच्या सायकलीला सायकल मानण्याची मर्यादा हीच आहे : २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर.

हे दोन आकडे एकमेकांना कसे जुळतात?

स्वार ६० किलोग्रॅम, गाडी ६० किलोग्रॅम आणि बॅटरी १० किलोग्रॅम, असे एकूण १३० किलोग्रॅम वस्तुमान धरू. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना मोटारीला दोन विरोधांशी झगडावे लागते.

पहिला, चाकांचा लोटण विरोध. तो वजनाच्या साधारण ०.०१५ पट असतो. म्हणजे ०.०१५ × १३० × ९.८ = सुमारे १९ न्यूटन. वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही.

दुसरा, हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बसलेल्या स्वाराच्या आकारमानासाठी तो अंदाजे ०.३४५ × (वेग)² न्यूटन धरता येईल. वेग मात्र मीटर प्रति सेकंदात घ्यायचा.

ताशी २५ किलोमीटर म्हणजे ६.९४ मीटर प्रति सेकंद. हवेचा विरोध सुमारे १७ न्यूटन. एकूण विरोध ३६ न्यूटन. आता शक्ती = बल × वेग = ३६ × ६.९४ = २५० वॉट!

आता वेग दुप्पट करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे १३.९ मीटर प्रति सेकंद. हवेचा विरोध चौपट होऊन ६७ न्यूटन होतो. एकूण ८६ न्यूटन. शक्ती = ८६ × १३.९ = सुमारे १२०० वॉट.

वेग दुप्पट झाला, पण शक्ती जवळजवळ पाचपट लागली. तेव्हा सपाट रस्त्यावर ताशी ५० ने सलग धावणारी गाडी '२५० वॉटची' म्हणून कोणी दाखवू लागला, तर त्याचे म्हणणे गणिताला मान्य नाही. एकतर मोटार मोठी आहे किंवा ती तिच्या कुवतीबाहेर राबवली जात आहे.

थांबायला किती जागा लागते?

धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी २५ च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवरून खाली पडणे. ताशी ५० चा वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून पडणे!

थांबण्याचे अंतरही तपासू. समोर म्हैस आडवी आली हे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असे माना. ताशी २५ ने जाणारी गाडी ७ + ५ = १२ मीटरांत थांबेल. ताशी ५० ने जाणारी १४ + १९ = ३३ मीटरांत.

हे झाले चांगल्या रस्त्याचे. आपला मुलूख काळ्या मातीचा. पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो आणि रस्ता निसरडा होतो. तेथे वेग निम्म्याच दराने कमी होतो असे धरले, तर हीच अंतरे अनुक्रमे सुमारे १७ आणि ५२ मीटर होतात. ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळी बिनदिव्याची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते. आपल्या दिव्याचा उजेड पन्नास मीटरपर्यंत स्पष्ट पोचत नसेल, तर ती दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

आणखी एक गोष्ट. या गाडीचा आवाज होत नाही. रस्ता ओलांडणारी वृद्ध व्यक्ती मागे वळून न पाहता आवाजावर विसंबते. म्हणून विजेच्या गाडीच्या स्वाराने वस्तीत वेग कमी ठेवणे आणि वेळीच घंटी किंवा हॉर्न वाजवणे जास्त आवश्यक आहे.

'लिमिटर' काढल्यावर काय होते?

काही जण गाडीच्या नियंत्रकातील वेगमर्यादा काढून घेतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून २५० वॉट काढायचे तर, व्यय सोडून दिला असता, सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो. १२०० वॉटसाठी २५ अँपिअर लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा जूलचा नियम तुम्हांस माहीत आहे. प्रवाह पाचपट, तर उष्णता पंचवीसपट! तार, जोडण्या आणि घट मात्र पूर्वीचेच. त्यात परभणीचा उन्हाळा. सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर असतो.

२०२२ साली देशात विजेच्या दुचाकी पेटण्याच्या काही घटना घडल्या. पुण्यातही मार्च २०२२ मध्ये तसे घडले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम डिसेंबर २०२२ पासून अधिक कडक करण्यात आले. २०२२ च्याच मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी, मंजुरीपेक्षा जास्त शक्तीच्या आणि बेकायदा फेरफार केलेल्या विजेच्या दुचाकींविरुद्ध मोहीम घेण्याचे आदेश दिले.

घरी लक्षात ठेवावे : गाडी उन्हातून आली की बॅटरी थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी, कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा, आणि घराच्या एकुलत्या दारापाशी किंवा जिन्याखाली चार्जिंग करू नये.

रेघेच्या पलीकडे

वरील मर्यादा ओलांडली की ती दुचाकी कायद्याने मोटार वाहनच होय. मग नोंदणी हवी. परभणीची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'एमएच २२' ने सुरू होणारा क्रमांक हवा. चालकाजवळ लायसन्स, विमा आणि डोक्यावर हेल्मेट हवे. विमा नसताना कोणाला इजा झाली, तर भरपाईचा बोजा घरावरच येतो.

अल्पवयीन मुलाने अशी गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला होणारी शिक्षा वेगळीच. दुकानदाराचे "काही होत नाही" हे शब्द तेथे उपयोगी पडत नाहीत.

रेघेच्या अलीकडील गाडीला हेल्मेटची सक्ती नाही, हे खरे. परंतु अडीच मीटरवरून डोक्यावर पडायचे आहे असे कोणी सांगितले, तर तुम्ही हेल्मेट मागालच ना?

प्रयोग करून पाहा

शाळेच्या सपाट, मोकळ्या मैदानावर शिक्षकांच्या उपस्थितीत १०० मीटर अंतर आखा. पुढे थांबण्यासाठी भरपूर जागा ठेवा. लायसन्स असलेल्या मोठ्या माणसाला, पूर्ण वेग घेतल्यानंतर, या अंतरातून गाडी न्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून वेळ मोजा. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा. ताशी २५ किलोमीटरने १०० मीटर जायला १४.४ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळ लागला, तर ती गाडी रेघेच्या पलीकडची आहे. हा प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर मुळीच करू नये.

मग गाडीची कागदपत्रे उघडून वडिलांसोबत तीन गोष्टी पाहा : मोटारीची शक्ती, कमाल वेग आणि चाचणी संस्थेच्या मंजुरीचा दाखला. हा दाखला विक्रेता दाखवू शकत नसेल, तर गाडी घेण्यापूर्वीच परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

स्वाध्याय

१. एका गाडीने १०० मीटर अंतर ९ सेकंदांत कापले. तिचा ताशी वेग किती? लायसन्स लागेल काय?

२. वरील गाडीला सपाट रस्त्यावर किती वॉट शक्ती लागत असेल? (एकूण वस्तुमान १३० किलोग्रॅम धरा.)

३. ट्रिपल सीट बसल्याने वस्तुमान २४० किलोग्रॅम झाले आणि ब्रेकचे बल तेवढेच राहिले, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर किती पट होईल?