रक्तस्रावानंतर ॲस्पिरिन केव्हा?

लातूर

चि. भाच्यास,

मराठवाड्यात ज्याला लकवा म्हणतात तो दोन कारणांनी होतो: मेंदूची रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून. बाहेरून दोन्ही सारखेच. हात गळतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. म्हणून सीटी स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नये. किनवट, माहूर, देगलूरकडचा रुग्ण नांदेडला विष्णुपुरीच्या रुग्णालयात येईपर्यंत कुणी ‘रक्त पातळ करायची गोळी’ दिली का, हे नातेवाइकांना आधी विचारावे. गोळीचे नाव आणि वेळ केसपेपरवर लिहावी.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल, तर ॲस्पिरिन ४८ तासांच्या आत सुरू करावी. १९९७ च्या दोन मोठ्या अभ्यासांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण होते. या गोळीने पहिल्या काही आठवड्यांत हजारी सुमारे ९ जणांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका टळला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले असेल, तर मात्र २४ तास थांबून, पुन्हा स्कॅन करून मगच गोळी द्यावी. नेदरलँड्समधील २०१२ च्या अभ्यासात इंजेक्शनपाठोपाठ ॲस्पिरिन दिल्यावर मेंदूतील गंभीर रक्तस्राव १.६ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर गेला.

तुंबलेल्या भागातच पुढे रक्त उतरले, तर त्याचे स्वरूप पाहावे. नुसते ठिपके असतील आणि रुग्ण स्थिर असेल, तर ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. रक्ताचा गोळा जमून मेंदूवर दाब येत असेल, तर ती थांबवतात. स्राव वाढत नाही हे पुन्हा स्कॅनमध्ये दिसल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुरू करतात.

रक्तवाहिनी फुटूनच झटका आला असेल, तरी गोळी कायमची बंद झाली असे नाही. ब्रिटनमधील ‘रीस्टार्ट’ अभ्यासात (२०१९) आधीपासून अशी औषधे घेणारे ५३७ रुग्ण होते. साधारण अडीच महिन्यांनी गोळी पुन्हा सुरू केलेल्या २६८ जणांपैकी १२ जणांना, तर न घेणाऱ्या २६८ पैकी २३ जणांना मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला. गोळी रक्तस्राव रोखते असे यावरून सिद्ध होत नाही. पण तिने तो फार वाढेल ही भीती बरीच कमी झाली. मेंदूच्या वरच्या थरात रक्तस्राव झालेल्या वृद्धांत अधिक सावध राहावे. या सगळ्यांत रक्तदाब १३०/८० च्या खाली राखणे सर्वांत मोलाचे.

डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘ॲस्पिरिन बंद’ लिहिले, की उदगीर-निलंग्याच्या घरी ती गोळी कायमची सुटते. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणून गोळी का थांबवली, फेरविचार कोणत्या तारखेला आणि तोवर रक्तदाबाची कोणती गोळी चालू, हे तिन्ही मराठीत लिहावे आणि नातेवाइकांना वाचून दाखवावे. गोळी थांबवणाऱ्या डॉक्टरवरच ती पुन्हा केव्हा सुरू करायची हे ठरवण्याचीही जबाबदारी असते.

— मामा